शामकलाची बाटली

कामठा,
२१ जुलै १९३५

केवळराम जवाई यांना कामठ्याहून भोजराजचा रामराम.

इकडे सर्व ठीक आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. ठीक काही नाही. काल बैलांचा व्यापारी श्यामलाल सालेकशाचा बाजार करून आमच्या ओसरीवर येऊन टेकला. पाण्याचा गडवा तोंडाला लावायच्या आधीच म्हणाला, "भाऊ, तुमची शामकलाबाई झुलत चालून राहिली, दारू पेल्यावाणी. मी म्हटलं, बाई, मी कामठ्याचा श्यामलाल. तर मले ओळखलं बी नाही. तोंडावर तं पुरे फोडच फोड." माझी माय चुलीपुढे बसली होती. तिने सगळे ऐकले आणि चुलीत आणखी एक लाकूड सरकवले.

जवाई, शामकला माझी पाठची बहीण. सहा वर्षे तुमच्या घरी नांदते आहे. मिरगीचे झटके तिला तुमच्या घरी गेल्यावर सुरू झाले, हे मी कधी उगाळले नाही. गोंदियाच्या गुलाबचंद डॉक्टरांचे औषध तुम्ही संक्रांतीला सुरू केले, तेव्हाही मी हो म्हटले. पण मिरगीवाला माणूस पडतो आणि उठतो. उठला की शहाणा असतो. श्यामलालने पाहिलेली बाई उठलेलीच नव्हती. औषधाच्या नावाखाली तिला काय पाजून राहिले? मला आडून विचारता येत नाही, म्हणून सरळ विचारतो.

धानाची रोवणी चालू आहे आणि बोडीतून शेताला पाणी सोडायची पाळी माझ्याकडे आहे, नाही तर पत्राऐवजी मीच आलो असतो. सालेकसा काही काशी नाही.

भोजराज

*

सालेकसा,
२८ जुलै १९३५

भोजराजजींना केवळरामचा नमस्कार.

पत्र मिळाले. माझ्या बायकोच्या प्रकृतीची खबर तुम्हाला बैलाचे दात मोजणाऱ्या माणसाकडून कळते आणि ती तुम्ही खरी मानता, याचे नवल वाटले नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचे दुखणे असेच दिसायचे.

आता माझे ऐका. गेल्या दिवाळीआधी शामकला चुलीवर पडली. डाव्या हाताचा पंजा भाजला, तो तुम्ही पाहिला आहे. त्यानंतर एकदा विहिरीच्या काठावर पडली. माझ्या मायने पदर धरला म्हणून ती आज आहे. औषध सुरू केल्यावर झटके कमी होत गेले आणि होळीपासून ती एकदाही पडलेली नाही. वैशाखातल्या अखजीपर्यंत ती पाणी भरत होती, दळत होती, माझ्या मायशी भांडतही होती. मी म्हणे, देव पावला.

औषधाचा त्रास आहे, तो मी लपवत नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की झोप येईल, तोंडावर पुळ्या येतील, तोंडाला वास येईल, आणि झटके थांबवायचे तर एवढे सोसावे लागेल. पण ती माणसे विसरेल असे ते म्हणाले नव्हते. दिवस दिवस भिंतीला टेकून बसते. विचारलेल्याचे उत्तर अर्ध्या घटकेने देते. हे कसे झाले मला कळत नाही.

एक गोष्ट मात्र मला दिसते. अखजीला तुमच्या मातोश्री देवकाबाई आमच्याकडे येऊन राहिल्या. मायलेकी दार लोटून कुजबुजत. त्या गेल्या त्या दिवसापासून शामकला सर्वांच्या मागून जेवते. भाजी-वरण शिजताना आपल्यापुरते आधीच काढून ठेवते, नाही तर नुसती पेज पिते, आणि ताट कोणाला पाहू देत नाही. माझी माय वाढायला गेली तर हात आडवा करते. तेव्हा तुम्ही मला विचारता की मी काय पाजतो. मी तुम्हाला विचारतो, मातोश्रींनी कोणती जडीबुटी देऊन ठेवली आहे?

केवळराम

*

कामठा,
५ ऑगस्ट १९३५

जवाई,

माझ्या मायवर बोट ठेवले, बरे केले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच.

तरी मी मायला विचारले. ती म्हणाली, "मी कायले देऊ जडीबुटी? मायं लेकरू हाय ते." आणि कोंबड्या कोंडायला निघून गेली. झाले समाधान?

शामकला वेगळी जेवते म्हणता. वेगळी जेवते की वेगळे जेवावे लागते? मिरगीवालीचे उष्टे नको, तिचा हात लागलेले नको, असे म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. आणि तुमच्या मातोश्री कुंदाबाई आषाढात आमगावला एका घरी मुलगी पाहायला गेल्या होत्या, हेही मला कळले आहे. कशासाठी? घरात एक सून भिंतीला टेकून बसली असताना दुसरीची गरज कोणाला पडते? वेडी ठरली की सोडचिठ्ठीला पंच लागत नाहीत, आणि वेडी कशी करायची ते एका बाटलीत मावते.

तान्ह्या पोळ्याला मी येतो. माझे डोळे अजून शाबूत आहेत.

भोजराज

*

सालेकसा,
१३ ऑगस्ट १९३५

भोजराजजी,

माझी माय आमगावला गेली ती माझ्या मामेभावासाठी मुलगी पाहायला. लग्न ठरले की अक्षता तुम्हालाही पाठवू.

भांडायला मला वेळ नाही. शामकला जास्त बिघडली आहे. काल मला तुमच्या वडिलांच्या नावाने हाक मारली. उदाराम बाबा वारून आठ वर्षे झाली, हे तिला सांगितले तर रडायला लागली, जणू आजच गेले. मी लाकूड डेपोतला मुन्शी, साहेबांचा दौरा असूनही एक दिवसाची रजा काढून गोंदियाला जाऊन आलो. डॉक्टर लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेले आहेत, गणपतीनंतर येतील. कंपाउंडर म्हणतो, मी वहीत लिहिले तेवढेच देईन, जास्त-कमी करायचा मला अधिकार नाही. तेच औषध घेऊन परत आलो.

तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला बजावले होते की हे औषध एकदम बंद करायचे नाही. बंद केले तर दबून बसलेले झटके एकावर एक येतात आणि त्यात माणूस जातो. म्हणून कितीही भीती वाटली तरी मी ते बंद करणार नाही. कमी करावे असे मात्र रोज वाटते.

तुम्ही अवश्य या. मलाही दुसरे डोळे हवे आहेत.

केवळराम

*

कामठा,
३ सप्टेंबर १९३५

प्रिय केवळराम जवाई यांस अनेक आशीर्वाद.

तुमच्या घरचा पाहुणचार विसरणार नाही. मातोश्रींच्या हातचे वडे इथे सर्वांना वाखाणून सांगितले. शामकलाला पाहून जीव तुटला, पण तुम्ही तिची सेवा करता हेही पाहिले.

मागच्या पत्रांत मी जरा तापून लिहिले. मोठ्या मनाने सोडून द्या. बाटलीतले औषध तिला वेळच्या वेळी देत जा. एकही वेळ चुकवू नका. ही बाटली संपेपर्यंत दुसरी उघडू नका, उगाच औषध नासते. आणि चार-आठ दिवसांनी तिला कसे वाटते ते मला जरूर कळवा.

आपला,
भोजराज

*

सालेकसा,
१० सप्टेंबर १९३५

भोजराजजींना नमस्कार.

आनंदाची बातमी आहे. शामकला उठली!

चार-पाच दिवसांपूर्वी तिने आपणहून केस विंचरले. मग मला म्हणाली, "तुमच्या सदऱ्याची गुंडी तुटली, कोणी लावली नाही काऊन?" माझी माय तिथेच खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला. आता ती नीट चालते, नावे घेते, डाळीत खडे राहिले म्हणून काल मायला बोललीसुद्धा. एवढे गोड बोलणे मी जन्मात ऐकले नव्हते. तोंडावरच्या पुळ्याही सुकायला लागल्या आहेत.

म्हणजे औषध शेवटी अंगाला लागले. डॉक्टर आले की सांगेन.

एक मात्र मनात खुपते. ज्या औषधाला तुम्ही विष म्हणत होता, त्याची एकही वेळ चुकवू नका असे तुम्हीच लिहिता. वडे काय, सेवा काय! तुम्ही इतके गोड कधीपासून झालात? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आम्ही सगळे लेकरांचे लाकडी बैल पाहायला गेलो होतो आणि पाय दुखतो म्हणून तुम्ही घरी थांबला होतात. तुमचा पाय आता कसा आहे?

केवळराम

*

कामठा,
१२ सप्टेंबर १९३५

जवाई,

पाय एकदम ठीक आहे. त्याला कधी काही झालेच नव्हते.

आता ऐका. तान्ह्या पोळ्याला तुमचे घर रिकामे झाले तेव्हा मी कोनाड्यातली बाटली काढली. जिभेवर थेंब घेऊन पाहिला, खारट लागला. तेव्हाच मला युक्ती सुचली. सगळे औषध मोरीत ओतले आणि बाटलीवर चिकटवलेल्या कागदाच्या खुणेपर्यंत मिठाचे पाणी भरले. मीठ आमच्याच घरचे. वाटेत लिंबाबरोबर खायला माय पुडी बांधून देते, ती मी पुरती रिकामी केली. रंग तोच, चवही तीच. कोणाच्या बापाला कळले नाही!

दोन आठवडे माझी बहीण तुमचे औषध प्यायली नाही, साधे मीठपाणी प्यायली, आणि उठून बसली. हे मी म्हणत नाही, तुमच्याच अक्षरात लिहिलेले माझ्याजवळ आहे. आता सांगा, विष कोण देत होते? तुमचे ते पत्र मी पंचांपुढे ठेवीन. पण त्याआधी, येत्या सोमवारी शामकलाला कामठ्याला पाठवून द्या. तिला औषधाची गरज नाही. तिला माहेराची गरज आहे.

भोजराज

*

गोंदिया,
२४ सप्टेंबर १९३५

भोजराज,

तुमचे पत्र चौदा तारखेला सालेकशाला पोचले म्हणे. मी तिथे नव्हतो. आदल्या दिवशी दुपारी शामकला अंगणात पडली. झटका आला, गेला, डोळे उघडायच्या आत दुसरा आला. मग तिसरा. मध्ये शुद्ध नाही. दातांखाली जीभ आली. मी बाटली काढून तिच्या तोंडात औषध घातले आणि तरी झटके थांबेनात. मी तुमचे मीठ पाजत होतो, भोजराज. माझ्या हाताने.

पॅसेंजरला वेळ होता. मालगाडीच्या गार्डाचे पाय धरले, त्याने डब्यात घेतले. गोंदियाला पोचेपर्यंत माझी माय तिचे डोके मांडीत धरून बसली होती. डॉक्टर सकाळीच नागपूरहून परतले होते. त्यांनी सुया टोचल्या. दोन दिवस ती जगते की जाते ते कळत नव्हते. आज जगली आहे. मला ओळखते. अजून बोलत नाही.

माझ्या मागे डेपोतल्या सुकरामने टपाल इथे आणून दिले. तुमचे पत्र मी दवाखान्याच्या पायरीवर वाचले. पहिले वाटले की आत्ता कामठ्याला यावे आणि तुमचा गळा धरावा. मग तेच पत्र डॉक्टरांना दाखवले. त्यांनी दोनदा वाचले आणि मला म्हणाले, "तुमच्या साळ्याने तिला मारायचे काम केले, आणि जागेही त्यानेच केले."

त्यांनी समजावले ते सांगतो. या औषधाचे आणि मिठाचे अंगात वैर आहे. जेवणात मीठ वाढले तर औषध लघवीवाटे वाहून जाते. मीठ बंद झाले तर औषध बाहेर पडत नाही, साचत जाते. साचले की गुंगी, भ्रम, फोड, माणूस न ओळखणे. तुमच्या मिठाने साचलेले औषध धुऊन निघाले म्हणून ती जागी झाली. सगळेच धुऊन निघाले, वरून नवे औषध नाही, म्हणून झटके आले. 

मग डॉक्टरांनी मला विचारले, "पण ते साचले कशाने? तुमच्या घरी अळणी कोण जेवते?" मी म्हटले, कोणी नाही. माझ्या मायने मात्र शामकलाकडे पाहिले. शामकलाने डोळे मिटून घेतले.

आपले वेगळे काढून ठेवणे, पेज पिणे, ताट झाकणे. मी जडीबुटी शोधत होतो. पंच नंतर बोलवा, भोजराज. आधी तुमच्या मायला विचारा.

केवळराम

*

कामठा,
१ ऑक्टोबर १९३५

केवळराम जवाई यांच्या पायाशी भोजराज.

कोणत्या तोंडाने लिहू? तुम्ही मला लिहून बजावले होते. ते पत्र वाचूनही मी केले. मला वाटले, धमकी आहे. ज्याच्या डोक्यात संशय बसला त्याला खऱ्यातही खोटेच दिसते. माझ्या हाताने बहीण गेली असती आणि मी छाती काढून पंच बोलावले असते.

मायला विचारले. तुमचे पत्र वाचून दाखवले तेव्हा धान पाखडता पाखडता सूप खाली ठेवले. म्हणाली, "मातामायले बोलली मी. मायी लेक मीठ सोडते, तू तिची मिरगी सोड. पुढच्या अखजीपर्यंत. नवस कोनाले सांगाचा नसते, सांगतला का गेला. म्हनून पोरीले शपथ घातली."

मी ओरडलो, "माय, त्या अळणीनं ते औषध अंगात साचलं!"

तर उलट तीच माझ्यावर उठली. "औषध? होळीपासून पडली नाही ते औषधानं अन् अखजीपासून पडली नाही तेबी औषधानंच? तुनं मीठ पाजलं, नवस मोडला, अन् मिरगी आली. तुयाच हातानं आली. आता तुया डॉक्टर काय वेगळं सांगून राहिला?"

जवाई, डॉक्टर म्हणतात मिठाने झटके आले. माय म्हणते मिठाने झटके आले. मध्ये मीठ घालणारा मी एकटा.

शपथ सोड म्हणून पाया पडलो. ती म्हणते, नवस जिने बोलला तिलाच सोडता येतो, आणि मी सोडत नाही, देवीशी बेइमानी करून लेक घालवायची काय? तेव्हापासून माझ्या हातचे पाणीही घेत नाही. मी तिच्या भांड्यात काही घालीन असे तिला वाटते. मला हसूही आले आणि रडूही.

शपथ सुटत नाही तोवर शामकला मीठ खाणार नाही, आणि मीठ खाल्ले नाही तर पुन्हा तेच होणार. मी काय करू ते सांगा. तुम्ही म्हणाल ते करीन.

भोजराज

*

सालेकसा,
२१ ऑक्टोबर १९३५

भाऊस शामकलाचा नमस्कार.

अक्षर मोठे आणि वाकडे आहे, रागावू नका. हात अजून कापतो. दोन बुके शिकले ती कामी आली.

यांनी मला सगळी पत्रे वाचून दाखवली, तुमची आणि यांचीही. मी म्हटले म्हणून. तुम्ही दोघांनी माझ्यावर केवढे लिहिले! मी कशी चालते, कशी जेवते, कोणाला ओळखते. शामकलाला एकदा विचारून पाहू, असे एका ओळीत कोणी लिहिले नाही.

म्हणून आता मी सांगते. मायने शपथ घातली तेव्हा मी तिला विचारले होते, औषधही खारट आहे, मग नवस मोडेल का? ती म्हणाली, औषधाला दोष नाही. मी मीठ सोडले. मग डोके उकडलेल्या धानासारखे जड झाले. दिवस आणि रात्र एकच झाली. मला वाटे, मिरगी जात आहे ती मला घेऊनच जात आहे.

आणि भाऊ, तुम्ही लिहिले की बाटली बदलली ते कोणाच्या बापाला कळले नाही. मला पहिल्याच घोटाला कळले. अखजीपासून जिभेला मीठ नव्हते. औषध खारट असते पण मागून कडू चिमटा घेते. हे नुसते मीठ होते, आणि किती गोड लागले म्हणून सांगू! मी यांना सांगितले नाही. तुम्ही घातले आहे हेही उमजले, कारण घरात दुसरे कोणी राहिले नव्हते. मी मुकाट्याने प्यायले. कोणी जवळ नसले की चोरून आणखी एक घोट घेत होते.

मग जाग आली. आपल्या अंगणात काय काय आहे ते मी कितीतरी दिवसांनी पाहिले. सासूबाईंचे केस पांढरे झालेले पाहिले. यांनी केव्हाच सांगितले होते की औषध बंद केले तर काय होते. मला आठवत होते. तरी मी बोलले नाही. मला जागे राहायचे होते. आठ दिवस मिळाले तर आठ दिवस. तेव्हा सगळा दोष तुम्ही डोक्यावर घेऊ नका. पण सगळा उतरवूही नका. ते औषध मोरीत ओतण्याआधी मला एकदा विचारले असते तर मी काय म्हटले असते, हे आता मलाही कळणार नाही.

नवस मी मोडला. दवाखान्यातच मोडला. डॉक्टरांनी भातावर चिमूट घातली आणि मी खाल्ली. मायला सांगा, तुझ्या लेकीने मोडला, काय कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे. माझ्यापेक्षा मातामाय तिला जवळची असेल तर दिवाळीला मी मायच्या पाया पडायला येणार नाही. जवळची नसेल तर मायने इकडे यावे.

डॉक्टरांनी औषध कमी केले आहे. रोज मीठ सारखे खायचे, आज जास्त उद्या कमी असे नाही. दसऱ्याला एक झटका आला, लहान होता. दुपारी झोप येते. तोंडावर चार-दोन पुळ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, झोप नको असेल तर थोडे झटके सोसावे लागतील, झटके नको असतील तर थोडी झोप. मी म्हटले, किती झोप आणि किती झटके ते मी सांगेन, मला विचारून द्या. ते हसले, पण वहीत लिहून घेतले.

बाटली आता कोनाड्यात नसते. माझ्या पेटीत असते आणि किल्ली माझ्या गळ्यात. औषध मी चाखून घेते. यांनी किल्ली मागितली, मी दिली नाही. यांना वाईट वाटले. वाटू दे. तुम्ही मागाल तर तुम्हालाही देणार नाही.

भाऊबीजेला या. या घरचा स्वयंपाक मी करते आणि वाढीनही मीच. पानात मीठ कमी वाटले तर मागून घ्या, भाऊ. आपल्या हाताने घालू नका.

शामकला